धुराड्यातली झडप

मायतेनचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी नोल्फाच्या घरातली जुनी लोखंडी चूल गेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरगी चर्चमध्ये सारखी खोकत होती. पाद्र्याने डोक्यावर गार पाणी घातलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, कारण रडायला लागतो तेवढा श्वास तिच्याजवळ नव्हता. धर्मबाप म्हणून शेजारी उभा असलेला रोसामेल, नोल्फाचा धाकटा दीर, हळूच म्हणाला, "वहिनी, हिच्या छातीत मांजर गुरगुरतंय." नोल्फाला हसू आलं नाही. नवऱ्याच्या मागे तिच्या घरात उरली होती ती मुलगी यास्ना आणि यास्नाची ही पोर, एवढीच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात काय जाळता?"

"लाकूड," यास्ना म्हणाली.

"ओलं की वाळलेलं?"

यास्नाने आईकडे पाहिलं. नोल्फा म्हणाली, "वाळलेलं." ते खोटं होतं. दूर दक्षिणेतल्या या कोयायके गावात सगळेच तसं सांगतात. उन्हाळ्यात लाकूड घ्यायचं राहून जातं, आणि शरदात ट्रकवाला जे टाकून जातो त्याच्या सालीखाली पाणी असतं.

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. "पोरीला या धुरातून बाहेर काढा," एवढंच म्हणाल्या. "नाहीतर हा हिवाळा तिला जड जाईल."

गाव डोंगरांच्या मधल्या वाटीत आहे. वारा पडला की सगळ्या धुराड्यांचा धूर त्या वाटीतच साचतो, इतका की समोरचं कुंपण दिसत नाही. अशा दिवशी रेडिओवर सांगतात, आज कुणाच्याही धुराड्यातून धूर दिसता कामा नये. मग नगरपालिकेची गाडी गल्लीगल्लीतून फिरते, आतली माणसं छपरांकडे बघतात, आणि ज्याचा धूर दिसेल त्याला दंड. नोल्फाच्या जुन्या चुलीचा धूर आंधळ्यालाही दिसला असता.

जुनी चूल दिली तर सरकार नवी, कमी धुराची शेगडी देत होतं. जुनी मात्र तिथेच, मालकिणीसमोर, घणाने फोडायचे. नोल्फाचा जीव अडकला तो तिथे. तिच्या लहानपणी, उघड्या माळावरच्या कुरणात बाप मेंढ्या राखत असताना, एकदा मोठा बर्फ पडला. पहाटे आई उठली तर चूल विझलेली, आणि पाळण्यात धाकटा भाऊ कडक झालेला. नोल्फा तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. तेव्हापासून हिवाळाभर, म्हणजे इथे मे ते सप्टेंबर, तिने आपल्या घरातली आग कधी विझू दिली नव्हती. झोपताना चुलीत ओलं जाड लाकूड कोंबायचं, हवेची खिटी लावून टाकायची, की आत रात्रभर धुमसत राहतं आणि सकाळी निखारा मिळतो. गावातल्या सगळ्या बायका हेच करत. धूर होतो तो त्यानेच, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

नगरपालिकेच्या सभागृहात तीन तऱ्हेच्या शेगड्या मांडून ठेवल्या होत्या. त्या बसवणारी लोरेतो नावाची बाई होती, हातभर काजळी, कमरेला फडकं. तिने आधी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी दाखवली. "हिला धूर जवळजवळ नाहीच, नोल्फाबाई. पोरीच्या छातीला हीच बरी."

"हिला वीज लागते का?"

"लागते. पंखा आहे, गोळ्या ढकलायचं यंत्र आहे."

"बर्फात तारा तुटल्या तर?"

"तर वीज येईपर्यंत बंद."

नोल्फाच्या डोळ्यांपुढे पाळणा आला. ती पुढे सरकली. दुसरी रॉकेलची होती, तिचा वास घेऊनच यास्नाने नाक मुरडलं. तिसरी लाकडाचीच होती. पुढे काच, आत विटा, आणि वरच्या अंगाला बारीक भोकं असलेली नळी. लोरेतोने दार उघडून दाखवलं. "लाकूड खाली जळतं, आणि त्याचा धूर इथे वर येऊन परत पेटतो. म्हणून बाहेर काही जात नाही. पण दोन अटी आहेत. लाकूड वाळलेलं हवं, आणि हे हवेचं भोक कधीच पूर्ण बंद होता कामा नये. म्हणून खिटीला इथे अडसर ठेवलाय."

"हिच्यावर किटली राहील?"

"राहील."

"मग हीच."

यास्ना म्हणाली, "आई, गोळ्यांची घेतली असती तर..."

"आणि तारा तुटल्या की लेकराला काय, काचेतून विझलेली शेगडी दाखवू?"

यास्नाच्या चेहऱ्यावर जे होतं ते नोल्फाने पाहिलं. आईला थंडीची भीती होती, लेकीला धुराची, आणि दोघींची भीती एकाच पोरीच्या छातीत जाऊन बसली होती.

मग मापाचा प्रश्न आला. एक लहान होती, एक मोठी. लोरेतोने घराच्या खोल्या विचारल्या, छताची उंची विचारली आणि म्हणाली, "तुम्हाला लहानच पुरे. मोठी घेतलीत तर घर भट्टी होईल, मग तुम्ही तिचा गळा आवळणार, आणि गळा आवळला की ती जुन्या चुलीसारखाच धूर ओकणार."

तेवढ्यात रोसामेल आला. त्याने स्वतःसाठी मोठीला आधीच नाव लिहून दिलं होतं, एका खोलीच्या घरासाठी. "वहिनी, फुकटात बैल मिळतोय आणि तुम्ही वासरू घेऊन चाललात होय?"

"ही म्हणते लहान पुरेल."

"ही पोरगी जन्मली कुठे? समुद्रकाठी. उणे पंधराची थंडी हिने फक्त तापमापकावर पाहिलीय." तो लोरेतोकडे वळून हसला. "रागावू नका हं, बाई."

"मी कशाला रागावू," लोरेतो म्हणाली. "तुमच्या घराला बैल कशाला, कोंबडी बास होती."

लोक हसले. नोल्फाही हसली, आणि तिने मोठी घेतली. तिने मनाशी कारणंबिरणं काही मांडलं नाही. भीती वाटत असली की माणसाचा हात मोठ्याकडे जातो, तसा तिचा गेला. नवी बसवायला आले त्या दिवशी बाहेर अंगणात जुनी चूल फुटली तेव्हा तिने पाठ फिरवली. आवाज मात्र ऐकावा लागला.

पहिले काही आठवडे चांगले गेले. काचेतून ज्वाळा दिसत, धुराड्यातून नुसती हवा थरथरताना दिसे, आणि मायतेनच्या छातीतलं मांजर निजलं. पोरीच्या गालाला मांस आलं. यास्ना कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशीच छपराकडे बघे आणि मग भराभर चालत येई.

पण घर तापायचं. लोरेतो म्हणाली होती तशीच भट्टी. ऐन जूनच्या थंडीत खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि लाकडाची चवड डोळ्यांदेखत खाली बसू लागली. वाळलेलं तेवढं संपलं, मग नोल्फाने ओलं लावलं. ओल्याने काच काळी झाली आणि धूर पुन्हा दिसू लागला. लाकूडखोलीत उभी राहून ती उरलेल्या चवडीकडे बघे आणि सप्टेंबर किती लांब आहे ते मनात येताच ओंडके पुन्हा मोजू लागे. खोकल्यापेक्षा विझलेल्या आगीची भीती तिला जवळची होती.

तिने रोसामेलला सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी पत्र्याचा तुकडा आणि कानस घेऊन आला.

"माझ्याकडेही हेच. आगीला लगाम नको होय? त्या बाईने ठेवलेला अडसर मी कानसून काढला. आणि वर धुराड्याच्या नळीत ही झडप. दांडी उभी म्हणजे उघडी, आडवी म्हणजे बंद."

"ती म्हणाली होती, बंद करायचं नाही."

"वहिनी, तुमच्या सासूबाईंच्या चुलीला झडप होती, तिच्या सासूच्या होती. कोण मेलं?" तो शिडीवर चढला. "शिवाय हिचा आणखी एक गुण आहे. गाडी आली की दांडी आडवी करायची. धूर नळीतच बसतो. गाडी गेली की उभी. मी तीनदा केलं, त्यांनी माझ्या छपराकडे बघून मान डोलावली."

"भावजी, धूर मग जातो कुठे?"

"कुठे जाईल? आतच थांबतो बिचारा, माझ्यासारखा." त्याने झडप बसवली, खाली उतरला, किटलीतलं पाणी ओतून माते, म्हणजे पानांचा कडू चहा, नळीने ओढला आणि घरी गेला. यास्नाला त्यांनी काही सांगितलं नाही.

चर्चमधल्या कार्मेनच्या मातेचा सण आला. सुट्टी होती. वारा तीन दिवसांपासून पडलेला. सकाळी रेडिओने सांगितलं, आज धूर नको. जेवणं झाली. यास्ना पोरीला कुशीत घेऊन शेगडीजवळच्या बाकावर आडवी झाली. झडप आल्यापासून खिडक्या बंदच होत्या, आणि त्यांच्या फटींत नोल्फाने स्वतः चिंध्या कोंबलेल्या होत्या. शेगडीत ओलं लाकूड धुमसत होतं.

खिडकीतून तिला गाडी दिसली, गल्लीच्या टोकाशी. तिने दांडी आडवी केली, शाल घेतली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. गाडी जाईपर्यंतचंच काम, असं तिच्या मनात होतं.

गाडी मात्र हळूहळू येत होती. प्रत्येक घराशी थांबत होती. कोपऱ्यावरच्या घराला धूर होता, तिथे त्यांची बोलाचाली लांबली. नोल्फा थंडीत पाय बदलत उभी राहिली. शेवटी गाडी तिच्यापाशी आली. आतल्या माणसाने छपराकडे पाहिलं.

"शाबास, आजी. तुमचं आणि पलीकडच्या त्या घराचं. सकाळपासून दोनदा फिरलो, त्या घरातून केसभर धूर नाही."

ते रोसामेलचं घर होतं.

"सकाळपासून?" नोल्फाने विचारलं.

"हो. आग लावलीच नसावी त्यांनी."

गाडी गेली. नोल्फा तिथेच उभी राहिली. रोसामेल आणि आग लावणार नाही? उणे दहामध्ये? तेवढ्यात त्याच्या दाराकडून कुत्र्याचा आवाज आला. चास्कोन नावाचं ते केसाळ कुत्रं रोसामेल थंडीत कधी बाहेर ठेवत नसे. ते दार खरवडत होतं.

ती गेली. दार उघडल्याबरोबर अंगावर ऊब आली, जुन्या घरात येते तशी, लाकडाच्या आंबट वासाची. रोसामेल खुर्चीत बसला होता, कडू चहाचा पेला मांडीवर कलंडलेला. त्याचे गाल लाल होते, सफरचंदाची दारू प्यायल्यासारखे, वर्षानुवर्षांत नव्हते इतके चांगले. "भावजी," ती म्हणाली. तिने त्याचा हात धरला. हात गार होता. खोली गरम आणि हात गार. तिने वर नळीकडे पाहिलं. दांडी आडवी होती.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपली दांडीही आडवी आहे.

ती कशी धावली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. बर्फावर ती पडली एवढं खरं, कारण गुडघे फुटले होते. कोपऱ्यावरच्या घरापाशी झालेली ती लांबलेली बोलाचाली तिच्या कानात पुन्हा सुरू झाली, एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दाबरोबर आत, कोंडलेल्या खोलीत, पोरगी एकेक श्वास घेत होती. फाटक हाती लागेना. दार हाती लागेना.

आत ऊब होती. यास्ना झोपलेली होती, गाल लाल. मायतेन तिच्या कुशीत, तिचेही गाल लाल. घरातल्यांनी गेले काही आठवडे ज्या गालांचं कौतुक केलं, तेच गाल. नोल्फाने पोरीला उचललं. मान लुळी पडली. ती तिला घेऊन उघड्या अंगणात आली, बर्फात ठेवली, आणि परत जाऊन यास्नाला बगलांत धरून ओढू लागली. जन्मभर जिने लेकरांना थंडीपासून राखलं, तिने आपल्या हाताने नात बर्फात टाकली होती, आणि यास्नाला ओढताना तिला एकाच गोष्टीची भीती होती, बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं त्याची.

मग ऐकू आलं. आधी खोकला, मग रडणं. रडायला लागतो तेवढा श्वास होता.

यास्ना उंबऱ्यावर ओकली, डोकं धरून बसली. शेजारचे आले. दवाखान्यात दोघींच्या तोंडावर मुखवटे लावून, कोंडलेल्या आगीचा गाल लाल करणारा विषारी वायू उतरवायला प्राणवायू दिला. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी नोल्फाला एकच विचारलं, "झडप?" नोल्फाने होकाराची मान हलवली.

आठवड्याने लोरेतो आली. तिने झडप काढली, अडसर परत बसवला, मोठी शेगडी उचलून नेली आणि लहान बसवली. नोल्फाला राहवेना. "तुम्ही सांगितलं होतंत."

"सगळ्यांनाच सांगते, नोल्फाबाई," लोरेतो म्हणाली. "आता या गल्लीत प्रत्येक घरात शिडी लावून बघणार आहे. तुम्ही सोबत येता का? माझ्यासाठी दार उघडत नाहीत."

नोल्फा गेली. चौदा घरांपैकी नऊ घरांत झडप निघाली. प्रत्येक घरात कुणीतरी म्हणालं, कोण मेलं? प्रत्येक घरात नोल्फाने नाव सांगितलं.

लहान शेगडी झोपायच्या वेळेला विझते. नोल्फाला पहाटे जाग येते, घर गार असतं, आणि दरवेळी तिच्या काळजात तोच पाळणा हलतो. ती उठते, आधी पोरीच्या नाकाशी हात धरते, मग बारीक फोडलेलं वाळकं लाकूड रचून नव्याने आग लावते. हे ती अजून करते. तिची भीती गेलेली नाही.

रोसामेल ओयार्सुन त्या वर्षी जुलैच्या सोळा तारखेला, कार्मेनच्या मातेच्या सणादिवशी मेला.