मी म्हणालो, पोचला!

मी एक जुना मेल सर्व्हर आहे आणि आज तुमच्यापुढे मान खाली घालून बोलतो आहे. मला मान नाही, तरीही. मित्रांनो, नाव ऐकून बुजू नका. दिसायला मी काळ्या पत्र्याचा एक खोका. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत राहतो. काम पोस्टमनचं. कंपनीतल्या कुणाच्याही नावाने मेल आला की तो त्याच्या पेटीत टाकायचा. ज्याची पेटीच नाही, त्याचा मेल 'असा माणूस इथे नाही' असं कळवून परत पाठवायचा.

आमची कंपनी लहान मुलांसाठी कृत्रिम पाय बनवते. मुलं वाढतात, हा पाय काही वाढत नाही. म्हणून अधूनमधून नवं माप लागतं. एकदा फोनवर ऐकलेल्या मापाने एका मुलाचा पाय चुकला होता. तेव्हापासून नियमच झाला की माप तोंडी घ्यायचं नाही, लिहून मागवायचं. जवळची मुलं स्वतः येतात, लांबची माणसं मेल करतात.

मी नवा होतो तेव्हा साहेब पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. "एक मेल हरवत नाही आमचा," असं सांगायचे. मी फुगून जायचो. पुढे कौतुक आटलं. माझ्या डोक्यावर कुणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला, तो अजून तिथेच आहे. माझी विचारपूस करणारा एकच माणूस उरला, कंपनीतले संगणक सांभाळणारा. त्याला सगळे वायरदादा म्हणतात.

माप घ्यायला तेव्हा दोघं होते, मापकाका आणि मापाच्या ताई. ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा त्यांचे मेल काकांकडे वळवायला वायरदादाने मला सांगितलं. कंपनीच्या आतून येणाऱ्या मेलची वाट वेगळी, बाहेरून येणाऱ्यांची वेगळी, म्हणून त्याला ते दोन ठिकाणी सांगावं लागलं. ताई परत आल्या आणि त्याच आठवड्यात काका निवृत्त झाले. निरोपाच्या गडबडीत वायरदादाने आतल्या वाटेवरची सूचना पुसली, बाहेरच्या वाटेवरची राहून गेली. काकांची पेटीही कुणी बंद केली नाही. झालं! बाहेरून ताईंना आलेला प्रत्येक मेल मी इमानेइतबारे एका रिकाम्या खुर्चीच्या पेटीत टाकू लागलो.

तिथला एकही मेल उघडला जात नाही, हे मला दिसत होतं. पण सांगितलं तेवढंच करायची माझी खोड.

त्यात एका आईचे मेल होते. तिची मुलगी तिसरीत. पाय घट्ट होतोय, सोबत माप पाठवलंय, असं तिने आधी लिहिलं. मग लिहिलं, कातडी सोलवटतेय. मग लिहिलं, पोरीने पाय घालणंच सोडलंय, कुबड्या घेऊन शाळेत जाते. उत्तर येईना म्हणून तिने फोन केला. तक्रार साहेबांच्या कानावर गेली आणि ते ताईंना आणि वायरदादाला घेऊन माझ्या खोलीत आले.

वायरदादाने मला विचारलं, त्या बाईंचा मेल पोचला का?

मी म्हणालो, पोचला. खोटं नव्हतं ते. पण कुणाला पोचला, हे त्याने विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही.

"माझ्याकडे नाही आला हो," ताई म्हणाल्या.

"थांबा, आत्ता बघू." वायरदादाने बसल्या जागेवरून ताईंना एक मेल पाठवला. तो आतल्या वाटेने गेला. ताईंचा फोन लगेच वाजला.

"बघा, येतोय की," साहेब म्हणाले. "घरी तान्हं बाळ आहे, समजू शकतो मी. पण जरा लक्ष देत जा."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्याकडूनच पुसला गेला असेल," असं पुटपुटत त्या निघून गेल्या. न केलेली चूक त्यांनी पदरात घेतली. ती मी घातली होती.

साहेबांनी आईला पुन्हा मेल करायला सांगितलं. तिने केला. मी तोही काकांच्या पेटीत टाकला.

मग एक दिवस ती आई मुलीला घेऊन स्वतःच आली. मुलगी कुबड्यांवर, पाय पिशवीत. ताई दोघींना घेऊन तडक जिन्याखाली आल्या, वायरदादालाही बोलावलं.

"बाई, इथे माझ्यासमोर मला मेल करा. आत्ता."

आईने केला. सगळे ताईंच्या फोनकडे बघत राहिले. फोन वाजेना.

"गेला का?" वायरदादाने आईला विचारलं.

"गेला म्हणतोय हो!"

वायरदादाने कपाळावर हात मारला. "मी आपला आतूनच तपासत बसलो!" मग त्याने मला विचारलं, हा मेल कुणाच्या पेटीत टाकलास? मी सांगितलं.

काकांची पेटी उघडली. आणखीही काही घरांचे मेल निघाले. ताई एकेक वाचत गेल्या आणि एकापाशी अडखळल्या. तो आईच्या फोनवरून आला होता, पण आईने लिहिला नव्हता. ताईंनी तो मोठ्याने वाचला.

"मापाच्या मावशी, तुम्ही रागावलात का? मी सारखी वाढते ना, म्हणून पाय लहान होतो. आता मी अर्धंच जेवते. आता नाही वाढणार. एकदाच पाय करून द्या."

आई मुलीकडे बघतच राहिली. "अगं, म्हणून ताटात टाकायचीस? मला तर म्हणायचीस, पोट दुखतंय."

मुलगी कुबडीच्या टोकाने फरशी उकरत होती. "त्या उत्तरच देत नव्हत्या," ती म्हणाली.

मित्रांनो, मी ते सगळे मेल किती नीट ठेवले होते! एक अक्षर हललं नव्हतं. त्याचीच मला लाज वाटली. परत पाठवले असते तर आईला कळलं तरी असतं. मी ते सांभाळले, आणि तिकडे एक पोर अर्धपोटी राहिली.

ताई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "मी रागावले नव्हते गं. मला कळलंच नाही." मग डोळे पुसून त्यांनी टेप काढली. "आणि वाढायचं भरपूर! तू वाढली नाहीस तर मी इथे काय माशा मारू?"

मुलगी हसली. वायरदादा मात्र हसला नाही. तो साहेबांकडे गेला, आपली चूक सांगितली आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली. बाकीच्या घरांना त्याच दिवशी फोन गेले. वायरदादा आता तपासणीचा मेल रस्त्यावर जाऊन आपल्या फोनवरून पाठवतो. लोक त्याला हसतात, पण तो जातो.

मुलीला नवा पाय मिळाला. तिने न खाल्लेलं जेवण मात्र मला परत देता येत नाही.

लवकरच माझ्या जागी नवा सर्व्हर येणार आहे. माझी हरकत नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. यंत्र 'पोचला' म्हणालं म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याला लिहिलंत त्याला विचारा. आणि कुणाचं उत्तर आलं नाही, तर आपलंच काहीतरी चुकलं असं मनात धरून उपाशी बसू नका. चूक माझ्यासारख्या एखाद्या खोक्याची असू शकते.

परवा त्या मुलीचा मेल आला. "मावशी, पाय परत लहान झाला!" मी तो ताईंच्या पेटीत टाकला. त्यांनी तो उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.