टाकीवरचा ध्रुव

“तिकडं नाही वं, इकडं. पाण्याच्या टाकीच्या जरासं वर,” म्हणत मी गोजरचं बोट थोडं उजवीकडे सरकवलं.

पाडव्याची संध्याकाळ होती. गुढी उतरवून आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात उत्तरेला तोंड करून उभे होतो. आमच्या घरची रीतच आहे, पाडव्याला ध्रुव पाहायचा. ज्याला दिसला नाही, त्याला पुढचा पाडवा नाही. माझ्या बापाला दिसला नव्हता, थोरल्या भावालाही नाही, आणि दोघंही दिवाळीच्या आत गेले. हसायचं त्यानं हसावं, मी हसत नाही.

गोजरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुलढाण्याला झालं होतं, तरी तांदळातले खडे ती चाचपूनच काढायची. महिनाभर तिला एकच घोर लागला होता, “मले नाही दिसला तं?”

तीस वर्षं मी डोणगावात नळयोजनेचा पंप चालवला. टाकीची शिडी मला पाठ आहे. काल गुपचूप चढलो आणि बांबूला एक बारीक बल्ब बांधून आलो, अंगणातून पाहिलं तर ध्रुवाच्याच जागी दिसेल असा. देवाला फसवणं झालं हे, कळतं मला. पण मग काय, बायको जाऊ द्यायची?

“दिसला,” गोजर म्हणाली. “लख्ख दिसून राह्यला.”

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात लाईट गेली. गाव काळंठिक्कर झालं आणि टाकीवरचा बल्बही विझला. आता ही रडणार म्हणून मी तिच्याकडे वळलो, तर तिचं बोट अजून वरच होतं.

“अजून दिसते?” मी विचारलं.

“हाव. काऊन नाही दिसणार? मघाशी तुमचा बल्ब मधात येऊन राह्यला होता.”

मी वर पाहिलं. आभाळ चांदण्यांनी भरलं होतं. फक्त टाकीच्या वर काही नव्हतं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

“तुमाले दिसला ना?”

“दिसला ना,” म्हणत मी बोट वर केलं. मला भीती वाटत होती.

गोजरनं माझं मनगट धरलं आणि बोट हळूच डावीकडे सरकवलं.

“इथं हाये तो,” ती म्हणाली. “पाहा, नीट पाहा.”

लाईट आली तरी तिनं मनगट सोडलं नव्हतं.