सगळ्यांना चालेल अशी सायकल

बदलीच्या नोकरीवाल्यांच्या घरात वस्तू आणतात ती उद्या विकता येईल का, हे बघून. शशिकांत देवस्थळी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि त्यांचा नियम एकच: घरात सगळ्यांना चालेल आणि बदली झाली की खपेल. या नियमापायी त्यांच्या बायकोची, चित्राची, शिलाई मशीन जबलपूरला राहिली आणि वाजवायची पेटी गुवाहाटीला. चित्रानं कधी तोंड उघडलं नाही. उघडून करायचं काय? ट्रक काही रबराचा नसतो.

चंडीगडला मात्र तिच्या डोक्यात सायकल शिरली. सकाळी दूध आणायला जाताना तिला बायका दिसत. तिच्याच वयाच्या, हेल्मेट घातलेल्या, शहराबाहेर मुल्लानपूरच्या दिशेनं सुसाट निघालेल्या. त्यांची ती बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची रोड बाईक बघून चित्रा दुधाची पिशवी हातात धरून उभीच राही. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसूनच सगळीकडे गेली होती. नवरा वळेल तिकडे वळायचं आणि तो थांबेल तिथं उतरायचं. तिला एकदा तरी आपल्या पायांनी, आपल्याला हवं तिथवर जायचं होतं. जास्त काही नाही.

कॉलनीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून तिनं पैसे साठवले. त्यात नवी येणार नव्हती. बावीस सेक्टरातल्या दुकानात सरदारजींनी दोन वापरलेल्या सायकली काढून ठेवल्या. एक लहान मापाची, एक मोठी, किंमत सारखीच.

लहान सायकलीवर चित्रा दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली, तर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. दुकानामागच्या गल्लीत तिनं एक फेरी मारली. पायडल दाबलं की सायकल पुढं झेपावे आणि तिला उगीचच हसू येई. कोपऱ्यावर मोठा रस्ता लागला, तेव्हा क्षणभर तिला वाटलं, जावं असंच. पण दुकानात नवरा आणि मुलगा वाट बघत होते, म्हणून ती परत आली.

"ये तो आप ही के लिए बनी है, मॅडम," सरदारजी म्हणाले.

तोवर अंशुमन, तिचा सहा फुटी मुलगा, मोठ्या सायकलीवर एक चक्कर मारून आला होता. "मम्मी, ये वाली मस्त है यार! मैं भी कॉलेज ले जाऊँगा."

शशिकांतांनी दोन्ही सायकलींकडे फाईल तपासावी तसं पाहिलं. "तुला आवडेल ती घे, चित्रा. पैसे तुझे आहेत. फक्त एवढंच की, ही लहान उद्या कुणाला विकणार? आणि मोठीची सीट खाली घेता येते."

"सीट नीचे हो जाएगी जी, डंडा नहीं होगा," सरदारजी म्हणाले.

"सवय होते हो!" शशिकांत म्हणाले.

मग तिघंही तिच्याकडे बघू लागले. चित्राला लहान हवी होती. आणि तोंडातून शब्द आले ते असे: "मोठीच घेऊ. सगळ्यांना होईल."

शशिकांतांचा सुंठीवाचून खोकला गेला. चित्राला मात्र स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. कुणी हात पिरगळला नव्हता की डोळे वटारले नव्हते. इतक्या वर्षांत ते उत्तर तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की विचारण्याआधीच बाहेर पडलं.

रविवारी सकाळी रस्ते त्यातल्या त्यात मोकळे होते. शशिकांतांनी सीट धरली, चित्रा फुटपाथच्या कडेवरून वर चढली आणि निघाली. सुरुवातीला बरं चाललं. वारा लागला, झाडं मागं पडली. मग पुढं चौकातलं गोल चक्कर आलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला थांबता येणार नाही. पाय खाली पोचत नव्हते, आणि दांडा ओलांडून उतरायची तर छाती होत नव्हती. रस्ता बदलायचा तर गाड्या मधे येत होत्या. म्हणून ती चक्कराला फेरी घालत राहिली. एक झाली, दुसरी झाली. एवढं सरळ रस्त्यांचं शहर, आणि ही बाई त्यात गोल गोल फिरतेय! कडेला शशिकांत धावत आले होते आणि हात पसरून ओरडत होते, "ये, इकडे ये! मी धरतो!"

तेच तिला नको होतं. त्यांच्या हातात जाऊन थांबायचं असतं, तर मागची सीट काय वाईट होती? तिनं हँडल आत वळवलं आणि चक्करातल्या हिरवळीवर स्वतःला सायकलीसकट टाकून दिलं.

कोपर सोलवटलं. गुडघ्यातून कळ आली. शशिकांत रस्ता ओलांडून धापा टाकत पोचले, खाली वाकले आणि त्यांनी आधी सायकल उचलली. चाक फिरवून पाहिलं, रंग पुसून पाहिला. "नशीब! कुठं ओरखडा नाही."

"अहो," चित्रा गवतातून म्हणाली, "आधी मला उचलायचंत."

शशिकांतांना खरंच आश्चर्य वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, उलट कौतुकच होतं. "अगं, सायकल काय आपली आपण उठणार आहे? तू काय, उठशीलच की!"

हात दिल्याशिवाय उठायचं नाही, असं चित्रानं ठरवलं. ती बसून राहिली. शशिकांत चेन बसवण्यात गुंतले होते. गवताचा ओलावा कपड्यांतून अंगाला लागला. ऊन वर आलं. घरी अंशुमन उठला असेल, कुकर लावायचा होता.

आणि मग ती उठली.