एका घराच्या दोन चुली

कचऱ्याचं बिल आमच्या दारावर आलं आणि क्षमाच्या दारावर आलं नाही, तिथून सगळं सुरू झालं. क्षमा म्हणजे माझी धाकटी जाऊ. तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातलं घर एकच, पण सासूबाई गेल्यावर मधे भिंत घातली. अर्धं आमचं, अर्धं नीलकंठ भावजींचं आणि तिचं. चुली दोन, दारं दोन, कचऱ्याचे डबेही दोन. सकाळी निगमची, म्हणजे महापालिकेची, कचरागाडी गाणं वाजवत आली की आम्ही दोघी डबे घेऊन उभ्या राहतो, आणि दर वेळी तिचा डबा आधी रिकामा होतो, कारण गाडीवालीशी तिचं गूळपीठ आहे. मग बिल मला एकटीलाच का?

तिला कळलं तशी ती अर्धे पैसे घेऊन आली. मी परत पाठवली. घेतले असते तर साऱ्या पाऱ्यात तिचाच मोठेपणा झाला असता. आधीच काय कमी आहे? तिची देवश्री बँकेत लागली. तिच्या पाटवडीचं कौतुक अभनपूरच्या सोयऱ्यांपर्यंत पोचलेलं. तिच्या कुंडीतला मोगरा फुलतो आणि माझ्या कुंडीत नुसती पानं, माती एकाच पोत्यातली असून. मला तिचे पैसे नको होते. निगमनं तिच्या नावाचं बिल तिच्या दारावर चिकटवावं आणि ते मी माझ्या पायरीवर उभं राहून पाहावं, एवढंच मला हवं होतं.

आमचे हे, नरहरी, रेल्वेतून रिटायर झालेले. बोलणं बेताचं. 'जाऊ दे न' म्हणाले आणि पेपर उघडला. यांचं नेहमीचंच. क्षमाचा विषय निघाला की पेपर उघडतात.

मी झोन ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी नियम सांगितला: एक चूल, एक बिल. त्यांच्या पाहणीत या घरात एकच चूल निघाली होती. दुसरी जळत असेल तर माणूस पाठवू, तो बघेल आणि बिल लावेल. मी म्हटलं, मंगळवारी दुपारी पाठवा, जेवणाच्या वेळी, तेव्हा तिचा गॅस हमखास पेटलेला असतो. येताना मी स्वतःसाठी जिलबी घेतली, इतकी मी खूश होते.

मंगळवार उजाडला तेव्हा कॅलेंडरकडे लक्ष गेलं. अंगारकी. संकष्टीला माझ्या घरी चहा सोडला तर चंद्र दिसेपर्यंत गॅस पेटत नाही. उपास माझा, पण स्वयंपाकघर सगळ्यांसाठी बंद. हे दोन केळी खातात, टोपी घालतात आणि बाहेर पडतात. इतक्या वर्षांत कधी कुरकूर नाही. मला वाटायचं, गणपतीवर श्रद्धा आहे. तरी मी काळजी केली नाही. तपासणी तिची होती, माझी चूल कोण बघणार?

निगमचा माणूस आला, हिरालाल नावाचा. मी त्याला थेट क्षमाच्या स्वयंपाकघरात नेलं, दार न वाजवता. गॅसवर पाटवडीचा रस्सा रटरटत होता. 'देखो,' मी म्हणाले, आणि मग मीच पाहिलं.

आमचे हे पाटावर बसून जेवत होते. समोर भाताचा ढीग. त्यांनी मान वर न करता हात मागे नेला, पिठाच्या डब्याआडची मिठाची बरणी काढली आणि चिमूटभर मीठ घेतलं. माझ्या घरात त्यांना अजून विचारावं लागतं मीठ कुठे असतं ते.

क्षमानं पदर सावरला. "चतुर्थीले येतेत दादा जेवाले," ती हळूच म्हणाली. "तुमाले मालूम असंल असं वाटलं, ताई."

हिरालालला आता माझंही स्वयंपाकघर बघायचं होतं. गॅस थंड, मोरी कोरडी, कचऱ्याच्या डब्यात केळीची सालं. मी त्याला उपास सांगितला, अंगारकी सांगितली, चंद्रोदय सांगितला. तो 'हव, हव' करत राहिला.

"चूल्हा तो एक ही जल रहा है, दीदी," तो म्हणाला. "बिल उनके नाम कर देते हैं. आपका माफ."

भांडण मी जिंकले होते. निगमच्या लेखी या घरात आता मला चूलच नव्हती.

संध्याकाळी मी यांच्या हातातला पेपर ओढून घेतला. विचारलं, काय आहे तिच्या हातात जे माझ्या हातात नाही?

"तुह्या हातचंच चांगलं आहे," हे म्हणाले. "पन तू दर घासाले तिचंच नाव काढतं. तिनं काय केलं, तिनं काय घेतलं. तिच्या घरी बसलो का तेवढा वेळ मले क्षमाचं नाव आयकू येत नाही."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोन ऑफिस गाठलं आणि माझं बिल परत मागितलं. साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. लोक तिथे नाव काढायला येतात. शेवटी म्हणाले, पुन्हा माणूस पाठवतो, या वेळी चूल पेटती ठेवा.

माणूस यायचा त्या दिवशी मी भरली वांगी केली, ज्वारीच्या भाकरी केल्या. हिरालाल आला, पाहून गेला, बिल लागलं. हे जेवायला बसले. मी शेजारी बसले, जीभ दाताखाली धरून. मोगऱ्याचं बोलले नाही, देवश्रीचं बोलले नाही. यांनी दुसरी भाकरी स्वतःहून मागितली. असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला. लसूण होता, खोबरं होतं, आणि आणखी काहीतरी होतं जे मला ओळखू येईना.

"काय टाकत असंल ती?" मी म्हणाले.

यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले.