साहेबांच्या जागी

"त्याला कुठं 'उभा राहा' म्हणालीस, तर नंतर 'झालं' म्हणायला विसरू नकोस," असं बाबांच्या सिनेमाच्या दिवसांतल्या मेकअपकाकांनी तिला बजावलं होतं. बाबा कायमचे तिच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची ट्रंक पोचवायला काका आले होते. तिच्या कडेवर तान्हं बाळ किरकिरत होतं. ती हसून म्हणाली, "काका, बाबा काय सायकल आहेत, स्टँडवर लावून विसरायला?" काकाही हसले, जिना उतरले आणि पुन्हा वर आले. "चेष्टा नाही गं. हल्ली त्याचं तसंच झालंय."

बाबांचा सगळा जन्म उभं राहण्यात गेला होता. साहेब सिनेमाचे नायक, आणि दिग्दर्शकही तेच. आता स्वतःलाच कॅमेऱ्यातून बघणार कसं? म्हणून साहेब कॅमेऱ्यामागे असले की जमिनीवरच्या खडूच्या फुलीवर त्यांच्याच उंचीचे, त्यांच्याच अंगलटीचे बाबा उभे राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर दिवे लावून बघायचे, सावल्या बेतायच्या. मनासारखं जमलं की साहेब म्हणायचे, "झालं." बाजूला होताना बाबा न चुकता विचारायचे, "नीट आलं ना, साहेब?" मग साहेब फुलीवर जायचे आणि कॅमेरा सुरू व्हायचा. एकदा साहेब लेखकाशी वाद घालत जेवायला निघून गेले, तर बाबा दुपार कलेपर्यंत त्या रणरणत्या दिव्यांखाली तसेच. साहेबांचा घामसुद्धा हाच गाळतो, असं युनिटमधले म्हणायचे.

लहानपणी ती बाबांबरोबर ते सिनेमे बघायला जायची. एका सिनेमात तुरुंगातून सुटलेला नायक फाटकाबाहेर उन्हात उभा असतो, आणि त्याला न्यायला कुणीच येत नाही. सगळं थिएटर नाक ओढत असायचं, आणि बाबा तिला कोपराने ढोसून सांगायचे, "ती गालावरची तिरीप बघ. ती आधी माझ्या गालावर पडलीय." यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे तिला कधी उमगलं नाही. आईला मात्र उमगलं होतं. दुसऱ्याच्या उन्हात जन्म काढला, एवढंच ती म्हणायची.

त्या दिवशी बाळाला श्वास घेता येईना. नवरा परगावी. बाबांना हल्ली घरचा रस्ताही आठवत नसे, त्यांना एकटं मागे ठेवणं म्हणजे जिवाला घोर. तिने त्यांनाही गाडीत घेतलं. दवाखान्याच्या दारात बाळाची छाती भात्यासारखी हलू लागली. "बाबा, इथंच उभे राहा, मी आलेच," म्हणाली आणि आत धावली.

वरच्या मजल्यावर बाळाच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला गेला. त्याला मांडीवरून हलवायचं नाही, मास्क सुटू द्यायचा नाही, असं सिस्टरने दोनदा सांगितलं. समोर खिडकी होती. खाली सावलीतलं बाकडं रिकामं होतं आणि बाबा भर उन्हात उभे होते, हनुवटी किंचित वर आणि चेहरा डावीकडे वळवलेला. सिनेमातलं ते फाटक तिने लगेच ओळखलं.

तिने आयामावशीला हातापाया पडून खाली पाठवलं. मावशी धापा टाकत परत आल्या. "बसायला सांगितलं हो. म्हणतात, साहेबांनी अजून सांगितलं नाही. कोण साहेब?"

"मावशी, त्यांना एवढंच म्हणा, साहेब म्हणाले, झालं."

मावशींचे गुडघे आता ऐकत नव्हते. त्यांनी खाली वॉचमनला फोन लावला, आणि बोलता बोलता निरोपाचं एवढंच उरलं, की त्या आजोबांना उन्हातून हलव. वॉचमनने हात हलवला. बाबा चार पावलं पुढे झाले, पाय जुळवले आणि पुन्हा उन्हाकडे तोंड केलं. मागून गाडी आली. वॉचमनने पुन्हा हात केला. बाबा आणखी पुढे सरकले, निम्मे खिडकीच्या चौकटीबाहेर, मग पूर्ण. तिने काचेवर थापा मारल्या. खिडकी कायमची बंद केलेली होती. मांडीवर बाळ दचकून रडलं, मास्क घसरला. "अहो आई, बाळाकडे बघा," सिस्टर म्हणाली. तिने बाळाकडे बघितलं.

खाली येऊ शकली तेव्हा जागा मोकळी होती. वॉचमन म्हणाला, जरा पुढे उभे राहा म्हटलं, तर गेले पुढे. औषधवाल्यानेही गिऱ्हाइकांना अडचण नको म्हणून पुढे व्हा म्हटलं होतं. कोपऱ्यावरच्या फुलवालीनेही. सगळे अदबीने बोलले होते. झालं, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

पोलिसांनी फोटो मागितला. मोबाइलमधल्या फोटोंत बाळ मध्यभागी, बाबा कडेला अर्धे कापलेले. सिनेमांत तर ते कुठेच नव्हते. शेवटी मेकअपकाकांनी साहेबांचं जुनं पोस्टर उलगडून दाखवलं. "एवढीच उंची. उभं राहणंही असंच. चेहरा तेवढा सोडून द्या." मी सांगितलं होतं, असं काका एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

बाळ आता रांगतं. ती त्याला घेऊन दुपारच्या उन्हात हिंडते, रस्ते बदलून बदलून.

तुमच्याही रस्त्यावर, दुकानापुढे, फाटकापाशी, उन्हाकडे तोंड करून कुणी म्हातारा उभा दिसला, तर त्याला पुढे व्हा म्हणू नका. जवळ जा आणि म्हणा, साहेब म्हणाले, झालं. तो विचारील, नीट आलं ना?

हो म्हणा.