आभाळाला ठिगळ

भिंगरीच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवायला क्वचितच मोकळं सापडायचं. त्यावर कायम कुठलं ना कुठलं चित्रकोडं अर्धवट जुळलेलं असायचं आणि बाकीचे तुकडे ताटल्यांत, झाकणांत, जमेल तिथे पसरलेले. एका टोकाला भिंगरी, दुसऱ्या टोकाला तिचा मामा. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यांच्याकडेच राहायचा. दिवसभर अडकलेल्या माणसांची सुटका करून घरी आला की हात धुवायचा आणि अंगातलं कामाचं जाकीटही न काढता तुकड्यांपुढे बसायचा. आई म्हणायची, माझ्या भावाला आणि माझ्या पोरीला एकच किडा चावलाय, आणि ताटं मात्र आम्ही मांडीवर घ्यायची.

मामाला एक खोड होती. शेवटचा तुकडा आपल्याच हातून बसावा म्हणून तो सुरुवातीलाच एक तुकडा गुपचूप जाकिटाच्या खिशात टाकायचा. भिंगरी शेवटी टेबलाखाली, गादीखाली, स्वतःच्या केसांतसुद्धा शोधून दमली, की हा गालातल्या गालात हसत खिशात हात घालणार. लहानपणी ती यावरून रडायची. आता मोठी झाली होती, त्यामुळे भांडायची.

कपाटात डबे मावेनासे झाले तेव्हा तिने जुनी कोडी ऑनलाइन विकायला काढली. त्यासाठी एक गट होता. जुन्या कोड्याचा डबा म्हणजे झाकली मूठ. आत एक तुकडा कमी असला तर सगळं चित्र जुळवून होईपर्यंत कळायचं नाही, आणि कळेल तेव्हा घेणाऱ्याच्या कित्येक संध्याकाळी त्यात गेलेल्या असायच्या. म्हणून गटाचा एक रिवाज होता. विकणाऱ्याने चित्र पूर्ण जुळवून फोटो टाकायचा, मगच मोडून पाठवायचं. घेणाऱ्याने तेच पुन्हा जुळवून आपला फोटो टाकायचा. दोन फोटो शेजारी शेजारी लागले की व्यवहार पुरा. तुकडा कमी निघाला तर विकणाऱ्याच्या नावापुढे वर्षभर अर्धा चंद्र. त्याला सगळे 'अर्धचंद्र मिळाला' म्हणून हसायचे. आणि बरेच व्यवहार चोख झाले की पूर्ण चंद्र. पूर्ण चंद्रवाल्यांना फोटो टाकावा लागत नसे, त्यांचा शब्द पुरे. हे सगळं सांभाळायचे घड्याळवाले आजोबा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे लहान वस्तू हरवण्याचं दुःख त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भिंगरीच्या पूर्ण चंद्राला एकच व्यवहार बाकी होता. गटात एवढ्या लहान वयात तो कुणालाच मिळाला नव्हता, आणि हे तिने वर्गातल्या निम्म्या मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं.

तो शेवटचा व्यवहार म्हणजे दीपगृहाचं चित्र. खाली खडक, मध्ये दीपगृह, आणि वर नुसतं राखाडी-निळं आभाळ, ज्याने तिचा आणि मामाचा जीव खाल्ला होता. ते घेतलं एका शिंपीणकाकूंनी. त्या घरी कपडे आल्टर करून द्यायच्या आणि गटात फारसं बोलायच्या नाहीत. भिंगरीने रिवाजाप्रमाणे चित्र जुळवलं, खिडकीपाशी उजेडात फोटो काढला, मग मामा आणि ती दोघांनी मिळून ते मोडलं. मामा मोडता मोडता कुठल्याशा नवरदेवाची गोष्ट सांगत होता, जो ऐन लग्नाच्या वेळी लिफ्टमध्ये अडकला होता. पिशवीत पिशवी, वर डबा, डब्यावर चिकटपट्टी. मुंगी बाहेर पडली नसती.

थोड्या दिवसांनी काकूंचा फोटो आला. दीपगृह होतं, खडक होते, आणि आभाळात डाव्या अंगाला एक भोक. खाली त्यांनी लिहिलं होतं की एक तुकडा मिळाला नाही, घरात सगळं झाडून पाहिलं.

भिंगरीचं डोकं फिरलं. यंदा शाळेच्या वादविवादात ती पहिली आली होती आणि तेव्हापासून तिच्या जिभेला जी धार आली होती, ती वापरायला ती निमित्तच शोधत असायची. तिने आपला पूर्ण फोटो पुन्हा टाकला, आभाळाला लाल गोल केला आणि खाली लिहिलं, "फोटो खोटं बोलत नाही. माणसांचं मला माहीत नाही."

गटाला वाक्य फार आवडलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी म्हणालं की डबा परत करून पैसे घ्यायला लोक हल्ली तुकडे मुद्दाम लपवतात. एक गृहस्थ काकूंना बंदराचं चित्र देणार होते, त्यांनी तिथेच जाहीर केलं की आपला विचार बदललाय. काकूंचं उत्तर एवढंच आलं, "तुकडा माझ्याकडे नाही. यापलीकडे मला सांगता येत नाही." आजोबांनी दोघींना नीट शोधायला सांगितलं आणि चंद्र तेवढ्यापुरता थांबवला. भिंगरी म्हणाली, थांबवा की, सत्याला कशाची भीती.

टेबलावर तोवर पक्षीबाजाराचं चित्र आलं होतं. पिंजरे, पोपट, टोपल्या. ते पुरं होत आलं तेव्हा एका टोपलीत एक जागा उरली. भिंगरी म्हणाली, "काढ. मी शोधणार नाही."

मामाने जादूगाराच्या थाटात खिशात हात घातला आणि तुकडा जागेवर ठेवला. तो बसेना. टोपली होती तपकिरी, आणि तुकडा निळसर. त्याने पुन्हा खिसा चाचपला, तर आणखी एक तुकडा निघाला. तो तपकिरी होता आणि नीट बसला.

दोघंही पहिल्या तुकड्याकडे बघत राहिले. हे आभाळ भिंगरीने झोपेतही ओळखलं असतं.

"मोडताना ठेवला असणार," मामा हळूच म्हणाला. "पुढच्या वेळेसाठी. विकायचंय हे हाताच्या लक्षातच नाही आलं गं."

भिंगरीने तो तळहातावर घेतला. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. केराच्या टोपलीत पडला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आजोबा दोन-चार दिवसांत कंटाळून चंद्र देऊन टाकणार, सगळा गट तिच्याच बाजूचा. मामाने सुचवलं की मीच गटात लिहितो, चूक माझी आहे. पण तिला आठवत होतं ते आपलंच वाक्य. फोटो खरंच खोटं बोलला नव्हता. तिचाही नाही आणि काकूंचाही नाही.

"खिसा तुझा," ती म्हणाली, "पण ते लिहिलं मी."

आधी लिहायचं आणि मग जायचं, असं तिने ठरवलं. नाहीतर जाऊन आल्यावर लिहायचं राहूनच जाईल, एवढी ती स्वतःला ओळखत होती. तिने तळहातावरच्या तुकड्याचा फोटो टाकला आणि लिहिलं की तुकडा आमच्याच घरात, मामाच्या खिशात निघाला, काकू खरं बोलत होत्या, मी त्यांना सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, त्यांची माफी सगळ्यांदेखतच मागते. मग काकूंना विचारून, सुट्टीच्या दिवशी ती मामाला घेऊन त्यांच्याकडे गेली.

एकच खोली होती. खिडकीशी शिलाईयंत्र, दोरीवर खुणा केलेल्या पँटी, आणि मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. टेबलावर दीपगृह जसंच्या तसं, आभाळातल्या भोकासकट. काकू जमिनीवर बसून कापड कापत होत्या. उठताना त्यांनी दोन्ही गुडघे धरले.

"तुम्ही मोडलं नाहीत अजून?" भिंगरीने विचारलं.

"मोडलं असतं तर माझ्याजवळ दाखवायला काय राहिलं असतं? तुझ्याकडे तुझा फोटो होता. माझ्याकडे हे भोक."

वाटेत भिंगरीने चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला सापडेना. "काकू, माझं चुकलं," एवढंच ती म्हणाली आणि तुकडा पुढे केला.

काकूंनी तो उजेडात धरून पाहिला. तेवढ्यात मामाचा हात आपोआप पुढे आला, पण भिंगरीने असा काही डोळा वटारला की तो तसाच मागे गेला. हे काकूंच्या नजरेतून सुटलं नाही.

"हेच का ते खिसेवाले?"

मामा खाली बघू लागला.

"आभाळ फाटल्यावर ठिगळ लावता येत नाही म्हणतात," काकू म्हणाल्या, "पण माझा धंदाच ठिगळाचा." आणि त्यांनी तुकडा बोटाने दाबून बसवला. मग चहा झाला, आणि टेबल मोकळं करायला दोघी लागल्या. मामाला मात्र काकूंनी लांब, यंत्राच्या स्टुलावर बसवून ठेवलं.

घड्याळवाल्या आजोबांनी भिंगरीला अर्धा चंद्र दिला. खरं बोललीस ते छान, पण डब्यात तुकडा कमी होता तो होताच, असं त्यांनी लिहिलं. वर्गातल्या निम्म्या मुलींना तिला ते सांगावं लागलं. बंदराचं चित्र काकूंकडे गेलं, आणि विचार बदलणाऱ्या गृहस्थांनी तो पुन्हा बदलल्याचं गटात कुठेही लिहिलं नाही.

अर्ध्या चंद्राकडून कुणी काही घेत नाही. भिंगरीने पक्षीबाजार विकायला लावला तर बरेच दिवस कुणी विचारेना. मग एका संध्याकाळी शिंपीणकाकूंचा निरोप आला: "पक्षी मला हवेत. फोटो नको. फक्त मोडून झालं की मामांचे खिसे झाड."

त्या दिवशी डबा बंद करण्याआधी भिंगरीने मामाला दारात हात वर करून उभं केलं. मामा म्हणाला की हा माझा अपमान आहे, या घरात एवढाही विश्वास उरला नाही. तिने जाकिटाचा खिसा उलटा केला. दोन स्क्रू पडले, एक पेन्सिल पडली, आणि त्यांच्यामागून पोपटाची चोच.