मॅडमचा कप्पा

प्रस्ताव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. गुरुवारी सकाळी डॉ. शुभांगी पगारे यांच्याकडे एक सोडून सगळे कागद तयार होते. उरलेला कागद म्हणजे शेतकऱ्याचे संमतीपत्र. सोबत त्याच्या कांदाचाळीचे छायाचित्र. या अनुदानाला वयाची अट पंचेचाळीस वर्षांची होती आणि शुभांगीला जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण होत होती. पुढच्या वर्षी अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रस्तावाची भिस्त एका आलेखावर होती. देवळ्याच्या कारभारी आहेरांच्या कांदाचाळीत तिने शेजारशेजारचे दोन कप्पे घेतले होते. प्रत्येकात दहा क्विंटल उन्हाळ कांदा. एका कप्प्यातल्या कांद्यावर भरण्यापूर्वी एका उपयुक्त बुरशीचा फवारा मारला आणि त्याला ओळखीसाठी पिवळी फीत बांधली; दुसरा तसाच ठेवला. मे ते सप्टेंबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन सडलेला कांदा निवडायचा, वजन करायचे, लिहायचे. पाच महिन्यांनंतर साध्या कप्प्यात एकोणतीस टक्के सड होती, फवाऱ्याच्या कप्प्यात अकरा. एवढा फरक शुभांगीने वीस वर्षांत पाहिला नव्हता. संशय घ्यायला तेच कारण पुरेसे होते, पण तिने तो घेतला नव्हता.

सोग्रस फाट्याला वळून ती अकराच्या सुमारास मळ्यात पोहोचली. कारभाऱ्यांनी संमतीपत्र न वाचताच सही केली.

"वाचा तरी," ती म्हणाली.

"तुम्ही वाचलंय ना? मंग झालं."

चाळ आता रिकामी होती. तिने मोबाइल काढताच कारभाऱ्यांच्या पत्नी बयाबाई खराटा घेऊन धावल्या. "थांबा मॅडम, झाडून देते. नेहमीसारखं." त्यांनी पिवळ्या फितीचा कप्पा कोपऱ्यांसकट झाडला आणि खराटा भिंतीला टेकवला.

"शेजारचा राहिला, मावशी."

"त्याचा कशाला फोटू? तो आमचा. हा तुमचा."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही यायच्या आदल्या दिशी. शनवारी सगळा खराब माल निवडून काढायचे तुमच्यातला. पाव्हनं येनार म्हटल्यावर अंगन झाडतोच की आपन."

"आणि आमच्यातला ऱ्हायचा तसाच," कारभारी हसले. "मी म्हनायचो, अगं घरच्याकडं बी बघ. तर म्हने, मॅडम इतक्या लांबून येत्यात, त्यांच्या कांद्याला वास यायला नको."

शुभांगीने दोन्ही कप्प्यांचा एक फोटो काढून मोबाइल पिशवीत ठेवला. "किती निघायचा?"

"दोन पाट्या. कधी थोडा जास्त. लय नाय." मग बयाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "काय चुकलं का?"

"तुमचं नाही," शुभांगी म्हणाली. हे सौजन्य नव्हते, वस्तुस्थिती होती. फवारा तिने त्यांच्यादेखत मारला होता, फीत तिनेच बांधली होती. कोणता कप्पा कोणता, हे निवडणाऱ्या हाताला कळू द्यायचे नसते, हे ती दरवर्षी पदव्युत्तर वर्गाला पहिल्या आठवड्यात शिकवत असे.

तिने एक पाटी मागून घेतली आणि अंदाज बांधला. एका पाटीत सोळा-सतरा किलो. दोन पाट्या, पाच महिने: एकशे साठ ते एकशे सत्तर. मोजलेल्या एकशे दहा किलोंत ते मिळवले तर सड सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. शेजारी एकोणतीस. एवढासा फरक काहीही न करता पडतो. अर्थात पाट्याही कोणी तोललेल्या नव्हत्या. म्हणजे फवारा चालतो असे म्हणता येत नव्हते, आणि चालत नाही असेही नाही. पाच महिन्यांत तिला काहीच कळलेले नव्हते.

शुक्रवारी दुपारी विभागप्रमुख महेश निकम यांनी सगळे ऐकून घेतले.

"आकडे तुम्ही बनवलेत का?"

"नाही."

"जे तोललं तेच लिहिलंत?"

"हो."

"मग आलेख खरा आहे, मॅडम. परीक्षक काय देवळ्याला जाणार आहेत?"

"मी जाऊन आले ना, सर."

निकम सरांनी चष्मा काढून पुसला. "शेवटची संधी आहे तुमची. हे सत्य नंतर पेपरात लिहा. आधी अनुदान तर येऊ द्या."

शुभांगी आपल्या टेबलाशी गेली. प्राथमिक निष्कर्षांचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तिने लिहिले: "एका कप्प्यातील सडलेला कांदा मोजणीपूर्वी काढला गेल्याने पाच महिन्यांच्या नोंदी ग्राह्य नाहीत. चूक प्रयोगाच्या मांडणीची आहे. सुधारित मांडणी पुढे दिली आहे." आलेखाच्या जागी तिने हेच लिहिलेले पान जोडले. संकेतस्थळाने फक्त फाइलचा आकार तपासला आणि तो योग्य असल्याचे कळवले. चार वाजून बावीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला.

उत्तर मार्चमध्ये आले. प्रस्ताव नामंजूर, शेरा: प्राथमिक निष्कर्षांचा अभाव. शेरा अचूक होता. तिने आक्षेप घेतला नाही.

एप्रिलमध्ये आहेरांच्या चाळीत पुन्हा कांदा भरला गेला. या वेळी कप्पे चार होते आणि फिती सगळ्या पांढऱ्या. चार बाटल्या निकम सरांनी स्वतः भरून आकडे टाकून दिल्या होत्या. कोणत्यात बुरशी आणि कोणत्यात नुसते पाणी, ते त्यांच्या कपाटातल्या बंद पाकिटात होते. "मला यात ओढू नका," असे म्हणत त्यांनी पाकिटावर लाख लावली होती.

बयाबाई चारही कप्प्यांसमोरून एक चक्कर मारून आल्या.

"यातला तुमचा कोन्ता, मॅडम?"

"मलाही माहीत नाही."

"आता गं बाई! मंग शनवारी मी निवडू कुठला?"

"एकही नाही. रविवारी आपण दोघी मिळून चारही निवडू."

बयाबाईंनी कारभाऱ्यांकडे पाहिले. पाहुण्यांसमोर घर न झाडता ठेवायचे, हे त्यांना पटलेले नव्हते. पण पाहुण्यांनीच सांगितले म्हटल्यावर त्यांनी खराटा आत नेऊन ठेवला.